मराठा संघ कां टिकला नाहीं?

आमच्या पारोळ्यास एक पडका भुईकोट किल्ला आहे. १७२७ च्या सुमारास जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं तो बांधला असें सांगतात. इतिहास शिकवितांना मी मुलांस तेथें नेत असें, आणि दर वर्षीं एक प्रश्न ठरलेला असे, "गुरुजी, मराठे एक कां झाले नाहींत?" मी "दुहीमुळें" असें सांगून मोकळा होईं. आज तें उत्तर मला अपुरें वाटतें. दुही हें रोगाचें नांव झालें; कारण नव्हे.

पेशवे, शिंदे, होळकर, भोसले व गायकवाड हे शेजारी. छत्रपतींची गादी सर्वांस वंद्य. एकट्या खानदेशांत पेशवे, शिंदे व होळकर या तिघांचे परगणे एकमेकांस लागून होते. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास शिंदे, होळकर व भोसले पेशव्यांच्या निशाणाखालीं लढले व निजाम हरला. परंतु हें ऐक्य नाना फडणविसांच्या चातुर्यावर उभें होतें. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले आणि आधारच गेला.

या संघास समाईक खजिना नव्हता, आणि सरदारांचे तंटे तोडणारें निःपक्षपाती न्यायासनही नव्हतें. १७९७ त तुकोजी होळकर वारले. त्यांच्या वारशाचा निवाडा व्हावयाचा, तों दौलतराव शिंदे स्वतःच त्यांत पक्षकार झाले. १८०१ त विठोजी होळकरांस पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. यशवंतरावांनीं दाद मागावी कोठें? २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास त्यांनीं ती तलवारीनें मागितली. बाजीराव पळाले व ३१ डिसेंबरला वसईस त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. परक्यापेक्षां शेजाऱ्याचें भय मोठें ठरलें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंदे-भोसले लढले, तेव्हां होळकर दूर राहिले. १८०४ त होळकर लढले, तेव्हां शिंदे-भोसल्यांचे तह होऊन गेले होते.

याची किंमत रयतेनें दिली. १८०२ त होळकरांच्या फौजांनीं खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं.

अमेरिकेंतील तेरा संस्थानांचा १७८१ चा संघही असाच दुबळा होता. त्यास कर बसविण्याचा अधिकार नव्हता. पण १७८७ त त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले व त्यांनीं नवी घटना लिहिली. आमच्याकडे अशी बैठक भरली नाहीं.

१९८५ सालीं ढाक्यास दक्षिण आशियांतील सात देशांनीं सार्क संघ स्थापिला. त्याच्या सनदेप्रमाणें निर्णय एकमतानें व्हावयाचा, आणि दोन देशांमधील वादग्रस्त प्रश्न चर्चेस घ्यावयाचे नाहींत. जें भांडण संघास पोखरतें, तेंच दाराबाहेर ठेवलेलें. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर राष्ट्रप्रमुखांची परिषद भरलेली नाहीं.

आतां एखाद्या मुलानें तोच प्रश्न विचारला, तर मी सांगेन, "बाळ, ते एकत्र लढले, पण आपसांतलें भांडण कोणापुढें न्यावें, हें त्यांनीं कधीं ठरविलें नाहीं."