वसईच्या कोटातील शिबंदीची घरे

वसईच्या कोटात चर्चचे मनोरे कोणी दाखवावे लागत नाहीत. ते आपणच दिसतात. शिबंदीच्या बराकी मात्र विचारूनही सापडत नाहीत. याला काळाइतकीच बांधणीही कारण आहे.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. कप्तान गार्सिया द सा याने १५३६ मध्ये कोट बांधला, असे शिलालेख सांगतो. पुढे तीन बाजूंनी पाणी असलेल्या या टोकावर मोठा तट उठला. तट आणि चर्चे दगडाची, चुन्यात जाड बांधलेली. राहत्या घरांची मदार तुळया, वासे आणि कौले यांवर. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडला आणि शिबंदी अटी ठरवून शस्त्रांसह बाहेर पडली. मराठी अंमल गेला, १८१८ पासून इंग्रजी आला. कोट ओस पडला. ओस घराचे छप्पर आधी जाते. मग पाऊस भिंतीच्या माथ्यातून शिरतो, चुना धुपतो, पिंपळाची मुळे सांधे उकलतात.

कामगारांत वावरलेल्या मला एवढेच सांगावयाचे आहे. शिलालेखात कप्तानाचे नाव आहे. पाथरवटाचे, चुना मळणाऱ्या मजुराचे, पगारी शिपायाचे नाही. कोटात जाल तेव्हा मनोरे पाहून झाल्यावर झाडीतली जोतीही पाहा. त्या माणसांना वगळून वसईचा इतिहास पुरा होत नाही.