सभागृहातल्या बोलण्याचे कवच

आमदार-खासदारांचे सभागृहातले भाषणस्वातंत्र्य बाहेरच्या सत्तेच्या धाकातून जन्मले. १५१२ मध्ये डेव्हनच्या कथिलाच्या खाणींवर नियम घालू पाहणाऱ्या रिचर्ड स्ट्रोड या इंग्लिश खासदाराला खाणवाल्यांच्या न्यायालयाने तुरुंगात टाकले. त्याच्यासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला. पुढे सभागृहातल्या वर्तनाबद्दल राजा पहिल्या चार्ल्सने कैद केलेला खासदार जॉन एलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवरच्या कैदेतच मेला. अखेर १६८९ च्या हक्कनाम्याने ठरवले की, पार्लमेंटमधल्या भाषणाचा जाब बाहेर कुठेही विचारता येणार नाही. राजापासून सदस्य असा सुरक्षित झाला, पण स्वतःच्या सभागृहातल्या बहुमतापासून नाही. ती उणीव पुढे दिसली. १७६९ मध्ये कॉमन्स सभागृहाने जॉन विल्क्स या खासदाराची हकालपट्टी केली, मिडलसेक्सच्या मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले, तरी सभागृहाने त्याच्या पराभूत प्रतिस्पर्ध्यालाच खासदार ठरवले. हा ठराव इतिवृत्तातून काढून टाकायला १७८२ साल उजाडले.

आपल्या संविधानाच्या १०५ व १९४ या अनुच्छेदांत तोच वारसा आला, आणि तीच उणीवही. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून वर्षभरासाठी निलंबित केले. धक्काबुक्की म्हणजे भाषण नव्हे, शिस्तीशिवाय सभागृह चालत नाही, असा आक्षेप येईल. तो मला पूर्ण मान्य आहे. पण शिस्त कामकाज चालावे म्हणून असते आणि कामकाज अधिवेशनापुरते असते. गोंधळी सदस्याला उरलेल्या अधिवेशनापुरते बाहेर ठेवण्याची तरतूद विधानसभेच्या ५३ व्या नियमात होतीच. ती सोडून ठरावाची वाट धरली गेली. न्यायालयाने विधिमंडळात डोकावू नये, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र अनुच्छेद २१२ कार्यपद्धतीतल्या चुकांना संरक्षण देतो, संविधानाशी विसंगत शिक्षेला नाही. हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक होते. वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेली दिसते, पण मतदारसंघ मुका राहतो. शिवाय काठावरचे बहुमत अशाने टिकवता येते. म्हणूनच २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. सत्तेत कोणताही पक्ष असो, ठरावाने नियमाला वळसा घालण्याची ही वाट विधानसभेने आपल्या नियमातच बंद करावी.