वसई बघायची तर...

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या दोघा-तिघांना घेऊन येतोय. वसईत बघण्यासारखं काय काय आहे? आणि बाजार कुठला चांगला? जरा यादी करून पाठवा ना."

म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. जन्म इथला, आजोळ निर्मळचं. कागद घेऊन बसलो आणि लिहीत गेलो तसं एक मजेशीर प्रकरण लक्षात आलं. वसईचं म्हणून जे जे खरोखर बघण्यासारखं आहे, ते बहुतेक सगळं वसईत नाहीच! इथे उरल्यात त्या फक्त त्याच्या खुणा. आता ही गोष्ट यादीत कुठल्या रकान्यात लिहायची? तेव्हा मंडळी, यादीऐवजी ही पोस्ट. पुतण्याला लिंक पाठवतो आहेच.

सुरुवात सोपाऱ्यापासून करू. नालासोपारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती लोकलची गर्दी. पण नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावं जोडून स्टेशन झालं, आणि त्यातलं सोपारा हे महाभारतातलं शूर्पारक. स्टेशनच्या पश्चिमेला विटांचा एक मोठा ढिगारा आहे. गावचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं विणणारा तो बुरूड. पंडितांनी विसरलेलं नाव लोकांनी आपल्या पद्धतीनं लक्षात ठेवलं असावं असं मला आपलं वाटतं.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणला. हा मूळचा जुनागढचा माणूस. त्यांचं नाव आपल्याकडे शाळेत कुणी घेत नाही, पण घ्यायला हवं. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या मध्यभागी विटांची कोठी, कोठीत दगडाचा मोठा गोल करंडा, त्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती कड्यासारख्या मांडलेल्या आठ छोट्या मूर्ती: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे थोडेसे तुकडे! भाविकांच्या समजुतीनं बुद्धाच्या भिक्षापात्राचे. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. एवढ्या पेट्यांमध्ये जपलेलं खापर... मला तर या खापरापुढे ते सोनंच फिकं वाटतं.

आता हे सगळं बघायचं कुठे? मुंबईत. फोर्टला टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे. सोपाऱ्यात विटा आहेत, कुंपण आहे आणि पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. बुद्धपौर्णिमेला भाविक येतात तेवढीच काय ती जाग.

अशोकाच्या शिलालेखाचंही तेच. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये, इथून जवळच समुद्रकाठच्या भुईगावात नवव्या लेखाचा. सोपाऱ्याचा शिलालेख बघायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. आठव्याच्या तुकड्यावर अक्षरं थोडीच आहेत, पण तोच लेख गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण मिळतो, म्हणून मजकूर कळतो. आणि तो आहे चक्क सहलींबद्दल! अशोक म्हणतो (शब्द माझे), पूर्वीचे राजे मौजेसाठी फिरायला निघत, शिकार करत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेलो, तेव्हापासून माझ्या यात्रा बदलल्या. आता यात्रेत साधूंना भेटायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, खेड्यापाड्यातल्या माणसांशी बोलायचं. पुतण्या आणि कंपनीनं हा लेख आधी वाचावा. :-)

नववा लेख त्याहून मजेशीर. त्यात अशोकाची तक्रार आहे की लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करत बसतात, आणि त्यात बायका फार. आमच्या आजीनं हे ऐकलं असतं तर सम्राट असो नाहीतर कुणी, दोन शब्द सुनावले असते.

पण हा लेख इथेच का कोरला? कारण इथे माणसांची वर्दळ होती. सोपारा हे बंदर होतं, बाजार होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी माहितीपुस्तकात ('पेरिप्लस' म्हणतात त्याला) भडोचच्या खालच्या किनाऱ्यावरच्या बाजारगावांची नावं ओळीनं दिली आहेत. त्यात 'सुप्पारा' आहे, आणि त्याच्यामागून कल्याण. बौद्ध कथांमधला पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. समुद्रावर जाऊन पैसा मिळवला आणि मग भिक्षू झाला.

या बाजाराचा पत्तासुद्धा दुसऱ्यांच्याच भिंतींवर लिहिलेला सापडतो. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. आपण कुठे कुठे काय दान केलं त्याची यादीच. त्यात प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळांमध्ये भडोचबरोबर 'शोर्पारग' येतं. कार्ल्याच्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या एका भिक्षूनं दिलेला आहे. म्हणजे नाशिकला आणि कार्ल्याला सोपारा आहे. सोपाऱ्यात मात्र खाडी गाळानं भरली, गलबतं यायची थांबली आणि बंदर सरकत सरकत वसईला गेलं.

आता किल्ला. त्याचा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षं त्यांनी इथे चर्चेस, मठ, वाडे बांधले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईचाच तह करून स्वराज्य इंग्रजांच्या दावणीला बांधलं. एकाच गावाच्या नावावर एवढा मोठा विजय आणि एवढी मोठी नामुष्की! असो.

किल्ल्यात गेलात तर सेंट जोसेफच्या मनोऱ्याकडे मान वर करून नक्की बघा. मनोरा आहे, घंटा नाही. वसईत एकाही पडक्या चर्चला घंटा नाही. मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून त्या नेल्या आणि महाराष्ट्रभर देवळांना बांधल्या. सगळ्यात प्रसिद्ध नाशिकची, गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली. हे देऊळ १७४७ चं, म्हणजे विजयानंतर आठच वर्षांचं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. भीमाशंकरला एक आहे. मी मेणवलीची घंटा पाहिली तेव्हा एक आजीबाई तिला हळदकुंकू लावून पाया पडत होत्या. आकृती कुणाची ते त्यांना ठाऊक असेल-नसेल. आईच्या कडेवर मूल आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मधूनमधून कुणीतरी म्हणतं की या घंटा परत वसईला आणाव्यात. मला नाही तसं वाटत. पावणेतीनशेहून जास्त वर्षं त्या तिथे वाजताहेत, आता त्या तिथल्याच. बंदिस्त कपाटात गप्प बसण्यापेक्षा कृष्णेच्या घाटावर वाजलेलं बरं. पण किल्ल्यात एक साधी पाटी तरी लावा की, इथली घंटा आता अमुक गावी आहे! सोपाऱ्याच्या करंडकाचं मात्र मी वेगळं म्हणेन. त्याची निदान एक चांगली प्रतिकृती स्तूपापाशी हवी. खाऊ दुसऱ्याच्या घरी आणि रिकामा डबा आपल्याकडे, हे फारच झालं.

वसईचा दगडसुद्धा बाहेर गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाला वापरलेला काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे नेलेला. आणि माणूस? गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास इथे जन्मला, पाद्रींबरोबर पोरवयात जपानला गेला, पुढे व्यापारात जम बसवला, मग सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. सोपाऱ्याचा पूर्ण आणि वसईचा गोन्सालो, दोघेही आधी व्यापारी आणि मग संन्यासी. मातीतच काहीतरी असावं!

तर मग वसईत उरलं काय? बाजार. पुतण्यानं बाजार दुसऱ्या क्रमांकावर विचारला, मी पहिल्यावर टाकतो.

किल्ल्याच्या दोन अंगांना पाचूबंदर आणि किल्लाबंदर हे कोळीवाडे. पावसाळा सरला की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकायला लागतात. तटाला पाठ लावून उभं राहा आणि वास घ्या (पुण्याच्या मंडळींनी जरा बेतानं). पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले, बोंबील अजून तिथेच वाळताहेत. वसई गावात होळीचा बाजार. सकाळी लवकर गेलात तर ताजी मासळी, वाडीतली भाजी, केळीची पानं, फुलं. लाल लुगड्यातल्या सामवेदी ख्रिस्ती बाया पूर्वी किती दिसायच्या. आता एखादी दिसली की पोरंसोरं फोटो काढतात.

पण हा बाजारही जागेवर थांबणारा नाही. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली आणि वसईची भाजी, दूध, फुलं, विड्याची पानं गाडीत बसली ती बसलीच. पहाटेच्या गाडीला पाट्या चढवणाऱ्या बायकांच्या जिवावर दादरची अर्धी मंडई उभी होती म्हटलं तरी चालेल. वसईची वेलची केळी मुंबईकराला ठाऊक असतात, त्यांची वाडी कुठे ते ठाऊक नसतं.

एक जिन्नस मात्र गाडीत फारसा बसला नाही. सुकेळी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात दिवसचे दिवस वाळवायची, रात्री उचलून झाकायची, परत सकाळी मांडायची. मधाच्या रंगाची, चिवट, गोड झाली की केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. साखर नाही, तेल नाही, काही नाही. ढग आले की सगळी मेहनत वाया. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीपाशी जत्रा भरते, पुढे काही दिवस चालते. त्या जत्रेत सुकेळ्यांची दुकानं लागतात. आजी आम्हाला घेऊन जायची तेव्हा सुकेळीवाल्यांची ओळच्या ओळ असायची आणि ती प्रत्येकाकडे एकेक तुकडा चाखून मगच घ्यायची. शेजारच्या चर्चच्या आळीतली माणसंही जत्रेला तितक्याच हौसेनं यायची, अजून येतात. शेवटचा गेलो तेव्हा सुकेळी शोधावी लागली.

कारण उघड आहे. राजेळीला गोडं पाणी हवं, जमीन हवी आणि रोज उन्हात खपणारी माणसं हवीत. १९८० च्या दशकानंतर इमारती वाढल्या, बावखलं बुजली (बावखल म्हणजे वाडीतलं पाण्याचं छोटं तळं, पाणीही देतं आणि जमिनीत मुरवतंही), टँकरनी विहिरी उपसल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली. तेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, तेव्हाही गावांनी 'आम्हाला नको' म्हणून आंदोलन केलं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची वस्ती बारा लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना घरं हवीतच, त्याला माझी ना नाही. मीही फ्लॅटमध्येच राहतो. पण तट पाडायला गेलात तर पुरातत्त्व खातं आडवं येतं. करंडक मुंबईत तिजोरीत आहे. घंटा देवळांनी सांभाळल्या. राजेळीची वाडी गेली तर तिच्यासाठी कुठलं संग्रहालय?

तर पुतण्या, कार्यक्रम असा. जमलं तर एक दिवस आधी मुंबईला उतर. वस्तुसंग्रहालयात शिलालेख बघ, आणि टाऊन हॉलमधला करंडक बघता येतो का ते आधी फोन करून विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत वसईला. स्टेशनपासून किल्ला सहा-सात किलोमीटर आहे, बसनं ये, रिक्षावाले फार सांगतात. आधी होळीचा बाजार, मग किल्ला आणि पाचूबंदर, जेवायला आमच्याकडे. काकू बोंबील करणार आहे, मित्रांपैकी कोण खात नसेल तर आधी कळव. दुपारून सोपारा.

आणि पुढच्या महिन्याऐवजी कार्तिकात आलास तर निर्मळची जत्रा मिळेल. सुकेळीचे दोन पुडे मी आधीच सांगून ठेवीन. ज्यांच्याकडून घेतो ते आता सत्तरीचे आहेत आणि यंदा मांडव घालतील की नाही ते दिवाळीत ठरवणार आहेत.