भोर-वेल्ह्यातील घरची वकिली

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे धरणांचे तालुके. भाटघर १९२८ मध्ये पुरे झाले. पुढे पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी आली. त्यामुळे येथील वकिलाकडे येणारा पक्षकार बहुधा जमिनीसाठीच येतो : वाटणी, फेरफार, वहिवाटीचा रस्ता, संपादनाचा मोबदला. १९४८ पर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते; जुने कागद मोडीत निघतात, आणि ते वाचणारा सहजी मिळत नाही.

वडील, मुलगा, सून एकाच कार्यालयात वकिली करीत असतील, तर दप्तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अडचणही तेथेच उद्भवते. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलास त्याच दाव्यात विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही. आजोबांनी लिहिलेल्या वाटणीपत्रावरून चुलतभाऊ भांडू लागले, तर त्या कार्यालयाने कोणाचेच वकीलपत्र न घेणे बरे. न्यायासनावर जवळचा नातलग असल्यास त्या न्यायालयातही उभे राहता येत नाही.

मोबदल्याच्या प्रकरणात विशेष सावध असावे. वाढीव रकमेतील टक्केवारीवर फी ठरविणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने ६ आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावयाचा असतो. ही मुदत चुकली, तर उशिराचे कारण पटवून द्यावे लागते.

फी परवडत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा आधार आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.