शिकारी रायफलीची नळी : निवडीचे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. नळी म्हणजे दारूच्या ज्वलनातून उत्पन्न झालेल्या वायुदाबाचे गोळीच्या गतीत रूपांतर करणारी आणि त्या गतीला दिशा व परिवलन देणारी पोलादी नलिका. तिचे भाग चार : काडतूस सामावणारे चेंबर, गोळी खाचांत प्रवेश करते तो घसा, सर्पिल खाचांचा मुख्य भाग आणि मुख. श्रेष्ठ नळीची लक्षणे तीन : (१) अंतर्व्यास व पीळ (खाचांचा वळसा) संपूर्ण लांबीत एकसमान असणे, (२) पोलादात अवशिष्ट ताण नसणे, (३) चेंबर, घसा व मुख एकाच अक्षावर असणे. किंमत आणि निर्मात्याचे नाव या व्याख्येत येत नाहीत. बाराबोर बंदुकीच्या नळीत खाचाच नसतात. तिचा विचार येथे अप्रस्तुत.

श्रेष्ठत्व प्रयोजनसापेक्ष असते, म्हणून प्रयोजनाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. लक्ष्यवेधी नळीकडून दीर्घ मालिकेतील सातत्य अपेक्षित असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पात्रता फेरीतच ६० गोळ्या झाडायच्या असतात आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेथे जड नळी हा गुण आहे. शिकारी नळीची परीक्षा मात्र पहिल्याच गोळीला होते. कित्येक दिवस न झाडलेल्या, थंड नळीतून सुटलेली ती गोळी अपेक्षित बिंदूवर पडली पाहिजे. दहाव्या गोळीचे काय होते, हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

आता प्रयोजनाला स्थळाची मर्यादा घालू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अस्तित्वात असताना छंदाच्या शिकारीला भारतात जागा नाही. त्याच्या कलम ११(१)(ख) खाली, मानवी जीविताला किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका ठरलेल्या अनुसूची २ मधील प्राण्याच्या शिकारीची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही या अनुसूचीत येतात. उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर घेऊ. हे कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. भोवती काळी जमीन, तीत कापूस, तूर, सोयाबीन. जागलीला बसलेल्या माणसाला प्राणी दिसतो तो धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंतच्या अंतरात, म्हणजे बहुधा शंभर मीटरच्या आत. शिवाय रायफलीची गोळी तीन किलोमीटरहून अधिक जाऊ शकते आणि सपाट शिवारात तिला अडवणारे काही नसते. मचाणावरून खाली रोखण्याचे कारण हेच. तरीही चार मीटर उंचीवरून साठ मीटरवर रोखल्यास उतरता कोन चार अंशांहूनही कमी भरतो. चुकलेली गोळी दगडावरून उसळणार नाही, असे त्या कोनात कोणी सांगू शकत नाही.

थंड नळीतील पहिली गोळी आणि शंभर मीटरच्या आतले अंतर, या दोन अटींवरून लांबी व जाडी यांचा निर्णय करता येतो. बोअर हा निवडीचा विषयच नाही. तो परवान्यावर लिहिलेला असतो. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये गणला जात असल्याने ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल भारतीय परवानाधारकांत रूढ झाली, हे येथे नोंदवणे पुरेसे. लांबी एक इंचाने घटली की सामान्य शिकारी काडतुसाचा वेग सेकंदाला सुमारे २० ते ३० फुटांनी घटतो. २७०० फुटांच्या वेगात दोन इंचांची घट म्हणजे जेमतेम दोन टक्के. शंभर मीटरच्या आत ती उपेक्षणीय आहे. उलट दृढतेचा लाभ मोठा. नळी चेंबरपाशी घट्ट आणि मुखापाशी मोकळी असलेली तुळई मानल्यास तिची दृढता लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि बाह्य व्यासाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. २४ इंचांची नळी २२ इंचांवर आणली तर दृढता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते आणि वजनही कमी होते. म्हणून या परिस्थितीत मध्यम जाडीची, २० ते २२ इंचांची नळी जाड व लांब नळीहून श्रेयस्कर. विक्रेत्यांच्या सूचीतील अतिरिक्त जाडी ही मालिकेतील उष्णतेवरची उपाययोजना आहे आणि येथे मालिका नाही.

पिळाचा निर्णय गोळीच्या लांबीवरून होतो, वजनावरून नव्हे. वूलिचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्र असे : गोळीची लांबी आणि एका फेऱ्याचे अंतर, दोन्ही गोळीच्या व्यासाच्या पटीत मोजल्यास, त्यांचा गुणाकार १५०. उदाहरणार्थ ७.८२ मिलिमीटर व्यासाची, ३० मिलिमीटर लांब गोळी घेऊ. लांबी ३.८४ व्यास, १५० ला त्याने भागता ३९ व्यास, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर, म्हणजेच १२ इंचांत एक फेरा. हे सूत्र शिसे भरलेल्या गोळीच्या घनतेवर आधारलेले आहे. त्याच वजनाची पूर्ण तांब्याची गोळी अधिक लांब आणि कमी घन असते. तिला अधिक जलद पीळ लागतो. मंद पीळ पुरणारी गोळी जलद पिळाने सहसा बिघडत नाही, पण मंद पिळातून लांब गोळी डळमळत जाते. संदेह असेल तेथे १० इंचांचा पीळ घ्यावा.

खाचा पाडण्याच्या पद्धतींत मुख्य भेद तीन. कर्तनपद्धतीत एकच पाते प्रत्येक फेरीत अत्यल्प धातू काढते. काम संथ, परंतु पोलादात ताण जवळजवळ निर्माण होत नाही. क्रीगर आणि बार्टलीन हे निर्माते या पद्धतीचे. बटनपद्धतीत कठीण कार्बाइडचा ठोकळा नळीतून ओढून किंवा ढकलून धातू दाबला जातो. लिल्या आणि शिलेन यांची पद्धत ही. यात ताण उत्पन्न होतो आणि तो उष्णतासंस्काराने काढावा लागतो. तो न काढता नळी बाहेरून तासली, तर मुखाकडे अंतर्व्यास रुंदावतो. ज्या नळीचे मुख सैल, तिच्याकडून एकसमानतेची अपेक्षा व्यर्थ. तिसरी पद्धत घडाईची, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत विकसित झालेली. ती प्रामुख्याने मोठ्या उत्पादनासाठी. पहिल्या दोहोंपैकी कोणतीही स्वीकारावी. विचारायचे ते एवढेच की ताण कोणत्या टप्प्यावर काढला आणि अंतर्व्यासाचे मोजमाप दिले आहे काय. इंचाच्या दहा-हजाराव्या भागापर्यंतचे मोजमाप उत्तम निर्माता देऊ शकतो.

पोलादाबद्दल थोडक्यात. क्रोम-मॉलिब्डेनम ४१४० आणि स्टेनलेस ४१६ हे दोन रूढ पर्याय. स्टेनलेस तीव्र थंडीत ठिसूळ होते, हा आक्षेप यवतमाळ जिल्ह्याला लागू नाही. पावसाळ्यातील दमट हवेचा गंज मात्र लागू आहे. स्टेनलेसही गंजतच नाही असे नव्हे, केवळ उशिरा गंजते.

शेवटचा टप्पा जोडणीचा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती व रूपांतर त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायचे असते. त्यामुळे चेंबर कापणारा कारागीर हाही निवडीचाच भाग आहे आणि उत्तम नळी वाकड्या चेंबरने निरुपयोगी होते. जोडणीनंतरची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी थंड नळीतून एकच गोळी झाडून, एकाच कागदावर घ्यावी. लांबी मात्र मागणी नोंदवतानाच निश्चित असली पाहिजे. नळी आखूड करण्याला कलम ६ खाली स्वतंत्र परवाना लागतो.