दूध, देह आणि आचार

पंचामृतातील दूध, दही व तूप ही तिन्ही आपण एकाच गोमातेचा प्रसाद मानतो. परंतु मानवी देहाच्या दृष्टीने ती तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. सस्तन प्राण्याचे पिल्लू अंगावरचे पिणे सोडू लागले, की दुग्धशर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर त्याच्या आतड्यात हळूहळू कमी होते. मनुष्याचीही मूळ प्रकृती हीच. आजही जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांना ही शर्करा पुरतेपणी पचत नाही. दह्यात ती घटलेली असते. तुपात जवळजवळ नसतेच.

मग उरलेल्यांना ही शक्ती आली कोठून? २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी तिच्याशी निगडित असा, लॅक्टेजच्या जनुकानजीकचा एका अक्षराचा फरक शोधला. २००७ साली पूर्व आफ्रिकेतील पशुपालक जमातींत तेच कार्य करणारे, पण स्वतंत्रपणे उद्भवलेले फरक आढळले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले, की भारतात प्रामुख्याने आढळणारा फरक युरोपातलाच असून वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे त्याचे प्रमाण उतरत जाते.

आता पूर्वापर क्रम पाहू. वायव्य अनातोलियातील इसवी सनपूर्व सातव्या सहस्रकाच्या मडक्यांत दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या आहेत. युरोपात मात्र हा जनुकीय फरक सर्रास झाला तो त्यानंतर काही हजार वर्षांनी. म्हणजे गोपालनाचा आचार आधी, देहातील पालट मागाहून. दुष्काळात व रोगराईत ज्यांना दूध पचले ते अधिक तगले, असे काही संशोधक मानतात.

कुळाचा आचार कुळाच्या रक्तातून उपजतो, असा दावा आपल्या समाजात अद्याप ऐकू येतो. आमच्या मते प्रस्तुत साक्षीपुरावा त्या दाव्याच्या विरुद्ध जातो. येथे आचारानेच रक्त घडविले. आणि तेही निरनिराळ्या लोकांत, निरनिराळ्या मार्गांनी. तेव्हा वंशशुद्धीचा अभिमान त्यावर उभा राहू शकत नाही. तसेच ज्याला तीर्थातले दूध सोसत नाही, त्याला हिणविण्याचेही कारण नाही. त्याची प्रकृती मानवजातीची जुनी प्रकृती होय. ज्या अज्ञात गृहिणींनी दुधाला विरजण लावले, त्यांनी देह पालटण्याची वाट न पाहता दूधच पालटले. देवापुढील दह्याच्या वाटीत त्यांचे हे शहाणपण आजही आहे.