मोटारसायकली, जुन्या इटालियन : निर्मितिवर्ष व मूळ ब्रेक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत इटलीत तयार झालेल्या मोटारसायकलींचे निर्मितिवर्ष ठरविणे आणि त्यांवरील गतिरोधक (ब्रेक) मूळचेच आहेत की मागाहून बसविलेले, हे ओळखणे हा यंत्रेतिहासाचा एक किचकट विषय आहे. दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. ब्रेकच्या प्रकारावरून वर्ष सांगितले जाते आणि वर्षावरून ब्रेक मूळचा ठरविला जातो. या चक्राकार तर्कातून अनेक चुकीच्या नोंदी रूढ झाल्या आहेत.

‘अमुक वर्षाचे मॉडेल’ ही कल्पना मुख्यतः अमेरिकन बाजारपेठेतील होय. मांदेल्लो देल लारिओ येथील मोटो गुत्सी, बोलोन्यातील डुकाटी, ब्रेगांत्से येथील लाव्हेर्दा, कासीना कोस्ता येथील एमव्ही आगुस्ता हे कारखाने वर्षांनुसार नव्हे, तर तुकड्यांनुसार (मालिकांनुसार) उत्पादन करीत. नवे यंत्र मिलानच्या प्रदर्शनात प्रथम दाखविले जाई व विक्रीस यावयास बराच काळ लागे. गुत्सीची व्ही ७ ही १९६५ च्या अखेरीस प्रदर्शनात मांडली गेली. ती ग्राहकांच्या हाती पडू लागली १९६७ मध्ये. परदेशी पाठविलेली यंत्रे विक्रेत्याच्या गोदामात पडून राहत आणि ज्या वर्षी खपत त्या वर्षाची म्हणून त्यांची नोंद होई. म्हणून आराखड्याचे वर्ष, जुळणीचे वर्ष, विक्रीचे वर्ष व पहिल्या नोंदणीचे वर्ष ही चार वर्षे वेगळी धरली पाहिजेत. कागदपत्रांत सहसा शेवटचेच आढळते.

सांगाड्यावर, बहुधा हँडलच्या दांड्याजवळील नळीवर, ठोकलेला क्रमांक हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. त्याच्या शेजारी आयजीएम किंवा (नंतरच्या यंत्रांवर) डीजीएम ही अक्षरे व एक अंक असतो. ही इटालियन वाहन खात्याच्या नावांची आद्याक्षरे असून तो अंक प्रकार-मान्यतेचा आहे. एकाच मान्यतेखाली वर्षानुवर्षे यंत्रे बनत असल्याने त्यावरून वर्ष निघत नाही; तरीही नवखे अभ्यासक त्यालाच अनुक्रमांक समजतात. एंजिनावरील क्रमांकाचा अर्थ कारखान्यागणिक बदलतो. लाव्हेर्दाच्या जोडसिलिंडर यंत्रांत सांगाडा व एंजिन यांचे क्रमांक एकच असत. डुकाटीच्या ७५० घ. सेंमी. यंत्रांत ते मुळातच जुळत नसत. तेव्हा डुकाटीचे क्रमांक जुळले नाहीत म्हणून एंजिन बदलले आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरते. इटलीत १९२७ पासून वाहनांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जात आहे. तिच्यातील उताऱ्यावरून पहिल्या नोंदणीचा दिनांक मिळतो, पण ब्रेकविषयी काही कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत १९६६ ते १९७६ ही दहा वर्षे निर्णायक होत. तोपर्यंत ड्रम ब्रेक सार्वत्रिक होता. त्यात चंद्रकोरीच्या आकाराचे शू ड्रमच्या आतील पृष्ठावर दाबले जातात. चाकाच्या फिरण्याबरोबर ओढला जाऊन अधिक घट्ट भिडणारा शू अग्रगामी म्हटला जातो. साध्या ब्रेकमध्ये असा एकच, सुधारलेल्यात दोन, तर दुतर्फी ड्रममध्ये चारही शू अग्रगामी ठेवता येतात. वेगवान व जड यंत्रांत उष्णतेमुळे ड्रम प्रसरण पावून पकड सुटू लागे. १९६९ मध्ये जपानच्या होंडा सीबी ७५० वर द्रवीय दाबाने चालणारा चकतीचा (डिस्क) ब्रेक आला आणि इटालियन कारखान्यांनाही तो स्वीकारावा लागला. चकती त्यांना अपरिचित मात्र नव्हती. इन्नोचेंतीने १९६२ मध्येच लाम्ब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरवर ती बसविली होती आणि एमव्हीच्या चारसिलिंडर ६०० वर काम्पान्योलोच्या, तारेने ओढल्या जाणाऱ्या दोन चकत्या होत्या. त्यानंतरच्या एमव्ही ७५० स्पोर्टवर कारखाना ग्रिमेकाच्या मोठ्या ड्रमकडे परतला व १९७४ च्या सुमारास पुन्हा चकतीकडे वळला. ‘ड्रम म्हणजे आधीचे, डिस्क म्हणजे नंतरचे’ हा ठोकताळा येथे सपशेल फसतो.

लाव्हेर्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या आरंभीच्या ७५० यंत्रांवर ग्रिमेकाचे ड्रम होते. ते यंत्राच्या वजनास व वेगास अपुरे पडत, म्हणून कारखान्याने स्वतः २३० मिमी. व्यासाचा ड्रम तयार केला आणि १९७० मध्ये निघालेल्या यंत्राला एसएफ हे नाव दिले. ही ‘सुपर फ्रेनी’ म्हणजे उत्तम ब्रेक या शब्दांची आद्याक्षरे होत. ब्रेकवरून नाव पडलेले यंत्र विरळाच. साहजिकच एसएफ नाव मिरविणाऱ्या यंत्रावर ग्रिमेकाचा ड्रम आढळला, तर तो मूळचा मानता येत नाही. १९७३ ची एसएफ १ ड्रमवरच राहिली; एसएफ २ वर पुढे चकती आली व १९७६ च्या एसएफ ३ वर मागेही.

गुत्सीची व्ही ७ स्पोर्ट १९७१ मध्ये २२० मिमी. व्यासाच्या, चार शूंच्या दुतर्फी ड्रमसह आली. मात्र १९७४ मधील काही व्ही ७ स्पोर्ट पुढे दोन चकत्या घेऊनच बाहेर पडल्या. अशा यंत्रावर ‘शुद्धीकरण’ म्हणून जुना ड्रम चढविणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. १९७५ च्या ८५० टी ३ ची ओळख सोपी आहे. तिचे पायपॅडल मागील चकतीबरोबर पुढील दोहोंपैकी एक चकतीही आवळते व हातातील दांडी केवळ दुसरी.

सर्वांत अधिक वाद डुकाटीविषयी होतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ७५० जीटीवर पुढे एकच चकती असून तिचे कॅलिपर प्रथम लॉकहीडचे, मग स्कारॅबचे व अखेरीस ब्रेंबोचे होते. बदल पुरवठ्यानुसार होत गेल्याने त्यांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. २३ एप्रिल १९७२ रोजी इमोला येथील शर्यतीत पॉल स्मार्ट व ब्रूनो स्पाज्जारी यांनी पहिले दोन क्रमांक पटकाविले. त्या विजयातून उद्भवलेल्या १९७४ च्या ७५० सुपर स्पोर्टवर पुढे स्कारॅब व मागे लॉकहीड अशी सरमिसळ आहे. एका यंत्रावर दोन कंपन्यांचे ब्रेक पाहून अनेकांना ती दुरुस्ती वाटते. वस्तुतः तेच मूळ रूप होय. पुढे पुष्कळ मालकांनी स्कारॅब काढून ब्रेंबो बसविले. त्यामुळे एकसारखे, नीटनेटके ब्रेक असलेले यंत्रच येथे संशयास्पद ठरते.

यासाठी वर्ष व ब्रेक यांचे पुरावे स्वतंत्रपणे जमवावे लागतात. वर्षासाठी सांगाड्याचा क्रमांक, नोंदवहीतील उतारा आणि एंजिनाची घडण (उदा., डुकाटी ७५० ची आरंभीची, वाळूच्या साच्यात ओतलेली घरे) पाहतात. ब्रेकसाठी फोर्कच्या खालच्या नळ्या तपासतात. कॅलिपरसाठी ओतलेले कान, ड्रमचा आधारदांडा अडकविण्याची खोबण, कान कापून घासल्याच्या खुणा, मागाहून पाडलेली भोके यांवरून पुष्कळ उलगडा होतो. काही ओतीव भागांवर साच्याच्या काळाची चिन्हे असतात. यंत्र आपल्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुने असू शकत नाही. मात्र तो भाग मूळचा असल्याचे आधी सिद्ध व्हावे लागते. फोर्कच बदलला असेल, तर हा सारा पुरावा निरुपयोगी होतो.

इटलीत १९६६ मध्ये स्थापन झालेला ऐतिहासिक मोटारवाहनांचा संघ (एएसआय) व मोटारसायकल महासंघाची ऐतिहासिक नोंदवही यांच्याकडून जुन्या यंत्रांना प्रमाणपत्रे मिळतात आणि त्यांचा परिणाम करांवर व किमतीवरही होतो. ड्रमच्या जागी चकती बसविलेली पुष्कळ यंत्रे १९७० नंतरच्या दशकात, ती रोजच्या वापरात असतानाच, केवळ सुरक्षिततेसाठी बदलली गेली होती.